राजकन्येचा रंग आणि आपल्या मुली

अक्षरओळख होण्याच्या कितीतरी आधी मूल चित्रे वाचू लागते. चित्रातील सुंदर कोण, शूर कोण, हसण्याजोगा कोण आणि ज्याला घाबरावे असा कोण, याचे धडे ते कोणत्याही शिक्षकावाचून गिरवते. पूर्वी हे धडे आजीच्या गोष्टींतून मिळत. आज ते मोबाइलच्या पडद्यावरून मिळतात. मनीषनगरच्या सदनिकांत वाढणारी मुलगी असो की दूरच्या खेड्यातून निवासी विद्यालयात आलेली, दोघींच्याही बालपणात एक राजकन्या हमखास वस्तीला असते. तिचा महाल असतो, तिचे लांब केस असतात, आणि बहुतेक वेळा तिचा रंग गोरा असतो. या रंगाकडे पालक, शिक्षक आणि माजी विद्यार्थी या नात्याने आपण सर्वांनी गंभीरपणे पाहिले पाहिजे, असे आम्हांस वाटते. विषय वरवर बालिश दिसतो. पण आपल्या मुली स्वतःला काय समजतात हा प्रश्न त्याच्या पोटात आहे.

या राजकन्यांच्या चित्रपटांचा इतिहास फार जुना नाही. वॉल्ट डिस्ने यांचा पहिला पूर्ण लांबीचा अॅनिमेशनपट, 'स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स', डिसेंबर १९३७ मध्ये पडद्यावर आला. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महाडच्या चवदार तळ्याच्या खटल्यात अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला होता. एकीकडे माणसाला सार्वजनिक तळ्याचे पाणी पिण्यासाठी दहा वर्षे न्यायालयात झगडावे लागत होते. दुसरीकडे बर्फासारखी पांढरी कातडी हेच जिचे नाव आणि हीच जिची ओळख, अशी नायिका जगभरच्या बालकांच्या मनात प्रवेश करीत होती. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नव्हता. परंतु त्या एकाच काळातल्या आहेत, आणि माणसाची किंमत त्याच्या जन्मावरून व कातडीवरून ठरविणाऱ्या जगातल्याच आहेत.

त्यानंतर गोऱ्या राजकन्यांची रांग लागली. १९९२ च्या 'अलादीन'मधील जास्मिन, १९९५ ची पोकाहोंटास, १९९८ ची मुलान अशा काही वेगळ्या चेहऱ्यांच्या नायिका त्या रांगेत आल्या. पण कृष्णवर्णीय राजकन्येला मात्र २००९ सालापर्यंत, म्हणजे तब्बल ७२ वर्षे, थांबावे लागले. 'द प्रिन्सेस अँड द फ्रॉग' या चित्रपटातील टियाना ही न्यू ऑर्लिन्स शहरातील कष्टाळू मुलगी. स्वतःचे उपाहारगृह उघडण्याचे स्वप्न ती पाहते. तिचे स्वागत झाले, आणि त्याचबरोबर एक नेमका आक्षेपही घेतला गेला: ज्या चित्रपटात प्रथमच कृष्णवर्णीय राजकन्या आली, त्यात ती बराच वेळ बेडकीच्या रूपातच वावरते! प्रवेश मिळाला, पण चेहरा झाकून मिळाला. पुढे २०१६ मध्ये प्रशांत महासागरातील बेटांवरची 'मोआना' आली. ती कोणा राजपुत्राची वाट पाहत नाही; आपल्या लोकांसाठी समुद्रावर स्वारी करते. तो चित्रपट पुढच्याच वर्षी माओरी भाषेतही आला. २०२३ च्या नव्या 'लिटल मरमेड'मध्ये हॅली बेली ही कृष्णवर्णीय अभिनेत्री जलपरी झाली. तिच्या निवडीवर जगभर कडवट टीका झाली, आणि चित्रपटाची पहिली झलक पाहून 'ही तर माझ्यासारखी आहे' म्हणून हरखलेल्या लहान मुलींची चित्रणेही जगभर पाहिली गेली. टीका करणारी माणसे प्रौढ होती. आनंदित झालेली बालके होती. प्रश्न नेमका कोणाचा आहे, हे यावरून कळावे.

हा आनंद वरवरचा नव्हे. अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४० च्या दशकात बाहुल्यांचे प्रसिद्ध प्रयोग केले. रंगाखेरीज सर्व बाबतींत सारख्या असलेल्या गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या कृष्णवर्णीय बालकांपुढे ठेवून त्यांना विचारले गेले: चांगली कोणती, वाईट कोणती, तुला खेळायला कोणती हवी? बहुसंख्य मुलांनी गोरी बाहुली उचलली. मग शेवटचा प्रश्न आला: यांतली तुझ्यासारखी कोणती? तेव्हा काही मुले रडू लागली. जिला आपण नुकतेच वाईट म्हटले, तीच आपल्यासारखी आहे, हे त्या चिमुकल्या जिवांना उमगले होते. शाळांमधील वांशिक विभाजन घटनाबाह्य ठरविणाऱ्या १९५४ च्या 'ब्राऊन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन' या निकालात अशा संशोधनाची दखल घेतली गेली. बाहुलीसारखी क्षुल्लक वस्तू देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचली, कारण ती क्षुल्लक नव्हती.

येथे एक शंका रास्तपणे उपस्थित होईल. हे सारे अमेरिकेतले. आपल्याकडे प्रश्न जातीचा आहे, वंशाचा नव्हे. ही शंका बाबासाहेबांच्या विचाराला धरूनच आहे. जात म्हणजे वंश नव्हे, हे त्यांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'च्या भाषणातच स्पष्ट केले होते; पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार हे वंशाने वेगळे नाहीत, असा त्यांचा युक्तिवाद होता. दशकभरानंतर लिहिलेल्या ग्रंथांतही त्यांनी वंशसिद्धान्ताचे खंडन केले. मात्र याच बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे विचारवंत नेते डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून, तेथील कृष्णवर्णीय आणि येथील अस्पृश्य यांच्या स्थितीतील साम्याकडे लक्ष वेधले होते. कारण वेगळे, पण वेदना शेजारची. हे त्यांनी ओळखले होते. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले, तेही याच ओळखीतून.

प्रत्येक जातीत गोरी माणसे असतात आणि सावळीही असतात. तरीही आपल्या भाषेने रंग आणि दर्जा यांची गाठ घट्ट मारून ठेवली आहे. 'वर्ण' या एकाच शब्दाचा अर्थ रंग असाही होतो आणि चातुर्वर्ण्यातील पायरी असाही होतो. स्नो व्हाइट मराठीत आली ती 'हिमगौरी' होऊन. गोरेपण आम्ही तिच्या नावातच विणले. विवाहेच्छूंच्या जाहिरातींतील 'गोरी, सडपातळ' हे शब्द आपल्या परिचयाचे आहेत. सावळ्या मुलीचे कौतुक करतानाही 'रंगाने सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस' असे म्हटले जाते. त्यातील 'पण' हा शब्द मुलीच्या कानात आयुष्यभर राहतो. १९७५ मध्ये भारतात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'ने गोरेपण आणि यश यांची सांगड पिढ्यान्‌पिढ्या घातली. २०२० मध्ये तिचे नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' झाले. डबीवरचा शब्द बदलला. घराघरांतली नजर मात्र इतक्या लवकर बदलत नाही.

आपल्या देशी कार्टूनांनीही हाच वारसा चालविला आहे. २००८ पासून मुलांच्या जिवाभावाचा झालेला 'छोटा भीम' पाहा. त्यात ढोलकपूरची राजकुमारी इंदुमती आहे, आणि भीमाला छळणारा दांडगट मुलगा आहे त्याचे नाव 'कालिया'. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात काही वाईट हेतू असेलच असे नाही. परंतु वर्गातील सावळ्या मुलाला मित्र त्याच नावाने हाका मारू लागतात, तेव्हा हेतूचा प्रश्न उरत नाही. पुराणकथांच्या चित्रमय पुस्तकांतही देव उजळ किंवा निळे आणि असुर काळेकभिन्न, हा संकेत इतका रूढ आहे की तो कोणाच्या लक्षातही येत नाही. अनेक शाळांच्या स्नेहसंमेलनांत राणीची भूमिका कोणाला मिळते आणि राक्षसाची कोणाला, हे आठवून पाहावे. ज्या मुलीला राणी होण्यासाठी तोंडाला पावडरचा थर लावावा लागतो, तिला पावडर पुसल्यावर आरशात काय दिसत असेल?

यावर एक सोपा उपाय सुचविला जातो: राजकन्येचा रंग बदला म्हणजे झाले. २०२० मध्ये 'मीरा, रॉयल डिटेक्टिव्ह' ही डिस्नेची मालिका आली. जलपूर नावाच्या काल्पनिक राज्यातील मीरा ही सामान्य घरातील, गव्हाळ रंगाची, चौकस मुलगी राणीकडून गुप्तहेर म्हणून नेमली जाते. परदेशात वाढणाऱ्या भारतीय मुलींना तिच्यामुळे पडद्यावर आपला चेहरा दिसला, ही चांगली गोष्ट झाली. पण जगाला 'भारतीय' म्हणून जे दाखविले जाते ते राजवाडे, सण आणि झगमगते पोशाख. इंदोऱ्याची वस्ती त्यात नाही, विहार नाही, पहाटे कामावर निघणारी आई नाही. अमेरिकेतील गोऱ्या नायिकांच्या रांगेत मीरा वेगळी ठरते. आपल्या मुलींसाठी मात्र ती राजवाड्याभोवतीच फिरते. रंग बदलला तरी गोष्टीचे केंद्र महालच राहते. म्हणून केवळ रंगांची मोजदाद करून आपले काम संपत नाही. नायिका दिसते कशी, याच्याइतकाच ती करते काय, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

काही जाणती माणसे याच्याही पुढे जाऊन म्हणतात, की आपण बौद्ध आहोत. तथागतांनी मानवामानवांत भेद मानला नाही, मग आपण मुलांना रंग मोजायला का शिकवावे? या आक्षेपाचा आम्ही आदर करतो. वासेट्ठ सुत्तात भगवंतांनी सांगितले आहे, की गवत, कीटक, पक्षी यांच्या जाती त्यांच्या शरीरचिन्हांवरून वेगळ्या ओळखता येतात. माणसांत तसे चिन्ह नाही, माणूस ओळखावा तो त्याच्या कर्माने. परंतु ही शिकवण देताना भगवंतांनी भेद अस्तित्वातच नाही असे सोंग घेतले नाही. भेद मानणाऱ्या तरुणांसमोर बसून त्यांनी त्याचे तर्कशुद्ध खंडन केले. मुलांना रंग मोजायला आपण शिकवीत नाही. ते त्यांना पडद्याने कधीच शिकविले आहे. आपल्याला ते पुसावयाचे आहे, आणि जे पुसावयाचे ते आधी नीट पाहावे लागते.

आणि त्यासाठी आपल्याला परक्या राजवाड्यांकडे पाहण्याची गरज नाही. याच महाराष्ट्रातील अजिंठ्याच्या लेण्यांत सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या चित्रकारांनी सावळ्या आणि काळ्या वर्णाच्या स्त्री-पुरुषांना राजवैभवात, अलंकारांसह, पूर्ण सन्मानाने रंगविले आहे. पहिल्या लेण्यातील पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या शेजारची गडद वर्णाची राजस्त्री कलाभ्यासकांमध्ये 'कृष्णवर्णी राजकन्या' म्हणून विख्यात आहे. तिच्या रंगाबद्दल त्या चित्रकाराने कोणतेही स्पष्टीकरण दिलेले नाही, कोणताही 'पण' जोडलेला नाही. टियानाच्या कित्येक शतके आधी ती तेथे उभी आहे. आपल्या शैक्षणिक सहली अजिंठ्याला जातात तेव्हा मुलींना तिच्यापुढे क्षणभर थांबवावे.

चित्राहून मोठा ठेवा शब्दांत आहे. थेरीगाथेत ७३ कवने आहेत, आणि ती जगातील स्त्रियांच्या सर्वांत प्राचीन काव्यसंग्रहांपैकी एक मानली जातात. त्यातील शेवटचे कवन सुमेधा थेरीचे आहे. सुमेधा खरीखुरी राजकन्या होती, मंतावती नगरीच्या कोंच राजाची मुलगी. वारणवतीचा राजा अनिकरत्त तिच्याशी विवाह करण्यास आला, तेव्हा तिने आपले केस स्वतः कापले, माता-पित्यांशी आणि त्या राजाशी निर्भयपणे वाद केला, आणि प्रव्रज्या घेतली. राजपुत्र आल्यावर जिची गोष्ट संपत नाही, उलट तेथे सुरू होते, अशी ही राजकन्या आहे. त्याच संग्रहात पुण्णिका आहे. ती अनाथपिंडिकाच्या घरची पाणी भरणारी दासी. कडाक्याच्या थंडीत नदीत बुडी मारून पाप धुऊ पाहणाऱ्या ब्राह्मणाला ती विचारते, की पाण्याने शुद्धी होत असेल तर बेडूक, कासव आणि मासे सगळेच स्वर्गाला जातील काय? एका दासीचा हा प्रश्न अडीच हजार वर्षे टिकून आहे. अंबपाली थेरी तर आपल्या एके काळच्या सौंदर्याचा एकेक अवयव घेऊन, वार्धक्याने त्याचे काय झाले ते न डगमगता सांगते. रूपाच्या बाजारात वाढणाऱ्या आजच्या मुलींना हे ऐकू आले पाहिजे. या स्त्रियांचा रंग कोणता होता, हे त्या गाथा नायिकेचा गुण म्हणून सांगत नाहीत. त्यांचे धैर्य मात्र सांगतात.

ज्यांना हे फार दूरचे वाटते, त्यांच्यासाठी नागपूरचाच इतिहास आहे. जाईबाई चौधरी यांनी रेल्वे स्थानकावरून प्रवाशांचे ओझे डोक्यावर वाहिले. पुढे शिकून त्या शिक्षिका झाल्या, तेव्हा अस्पृश्य बाई आमच्या मुलांना शिकवते म्हणून स्पृश्य पालकांनी विरोध केला. त्या खचल्या नाहीत. १९२२ मध्ये त्यांनी नागपुरात संत चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा उघडली. २० जुलै १९४२ रोजी याच शहरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे तिच्या अध्यक्षा होत्या आणि हजारो स्त्रिया उपस्थित होत्या. स्त्रियांनी किती प्रगती केली यावरून मी समाजाची प्रगती मोजतो, हा आपला विचार बाबासाहेबांनी त्या परिषदेत मांडला. त्यानंतर चौदा वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, याच नगरीत पांढरी वस्त्रे नेसून दीक्षेला आलेल्या लाखोंच्या समुदायात आपल्या आज्या-पणज्या होत्या. कुमुद पावडे यांनी जन्माने नाकारलेली संस्कृत भाषा शिकून नागपुरात तिचे अध्यापन केले आणि १९८१ मध्ये 'अंतःस्फोट' लिहिले. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या मुलाखती गोळा करून 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ सिद्ध केला. या प्रत्येकीच्या आयुष्यात एका संपूर्ण चित्रपटाचे सामर्थ्य आहे. आपल्या मुलींपैकी कितीजणींना एल्सा ठाऊक आहे आणि कितीजणींना जाईबाई, हे एकदा घरी विचारून पाहावे.

आपला चेहरा पडद्यावर आला की काय घडते, याचा अनुभव महाराष्ट्राने घेतला आहे. नागराज मंजुळे यांच्या २०१३ च्या 'फँड्री'त कैकाडी समाजाचा सावळा जब्या नायक झाला. पकडलेले डुक्कर वाहून नेणारे ते कुटुंब शाळेच्या भिंतीवरील महापुरुषांच्या चित्रांपुढून जाते, ते दृश्य विसरता येत नाही. २०२२ चा 'झुंड' तर आपल्याच नागपूरचा. प्राध्यापक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतील मुलांसाठी उभारलेल्या फुटबॉलच्या कार्यावर तो आधारलेला आहे, आणि त्यात नागपूरच्या वस्त्यांतील मुलांनीच भूमिका केल्या. चित्रपुस्तकांतही २०११ मध्ये 'भीमायन' आले. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंत दांपत्याने बाबासाहेबांचे जीवन आपल्या आदिवासी चित्रशैलीत साकारले, आणि जगभर त्याचे कौतुक झाले. याचा अर्थ, आपली गोष्ट आपल्या रेषेत आणि आपल्या चेहऱ्यांनी सांगता येते. मुलींसाठीच्या अॅनिमेशनमध्ये मात्र ही जागा अद्याप रिकामी आहे.

ती रिकामी जागा भरण्याचे काम दूरच्या कोणा कंपनीवर सोपवून चालणार नाही. म्हणून आम्ही काही साध्या गोष्टी सुचवितो. पालकांनी मुलांचे कार्टून हिसकावून घेऊ नये; अधूनमधून शेजारी बसून ते पाहावे आणि 'यात वाईट माणूस काळा का दाखविला असेल?' एवढेच विचारावे. मुले उत्तर शोधू लागतात. घरात 'काळी', 'काळू' ही थट्टा आणि तो 'पण' कायमचा बंद व्हावा. पाहुण्यांनी म्हटले तरी मुलीसमोरच त्यांना नम्रपणे थांबवावे. स्नेहसंमेलनात भूमिका आवाज, पाठांतर आणि अभिनय पाहून द्याव्यात, आणि चेहरा उजळ करण्यासाठी रंगभूषा होऊ नये. हिमगौरी अवश्य बसवावी, पण तिच्या जोडीला सुमेधा आणि पुण्णिकाही रंगमंचावर याव्यात.

माजी विद्यार्थ्यांकडे आमचे विशेष मागणे आहे. तुमच्यापैकी कित्येकजण आज संगणक, चित्रकला, ध्वनिमुद्रण, माध्यमे या क्षेत्रांत पुणे, मुंबई, बेंगळुरू आणि परदेशातही काम करीत आहात. वर्षातील एक सुटी विद्यालयाला द्यावी. मुलींनी स्वतः चित्रे काढावीत, स्वतःच्या वऱ्हाडी-नागपुरी बोलीत संवाद लिहावेत, आणि तुम्ही त्या चित्रांना हालचाल द्यावी. पाच मिनिटांची जाईबाई, पाच मिनिटांची पुण्णिका. खर्च फारसा नाही; वेळ आणि जिव्हाळा मात्र लागेल. ज्या आज्या १९५६ च्या दीक्षेला मुलीच्या वयात उपस्थित होत्या, त्यांच्यापैकी आज ज्या हयात आहेत त्यांचे आवाज याच वर्षी मुद्रित व्हावेत, कारण हे काम पुढे ढकलण्याजोगे नाही.

राजपुत्र सिद्धार्थाने महाल सोडला, राजकन्या सुमेधेनेही सोडला. ज्या परंपरेचे आदर्श महालातून बाहेर पडणारे आहेत, तिच्या लेकींनी महालात प्रवेश मिळावा म्हणून ताटकळत राहण्याचे कारण नाही. आपल्या विद्यालयातील मुलगी जेव्हा वहीच्या शेवटच्या पानावर नायिका काढील, तेव्हा तिने रंगपेटीतील तपकिरी खडू कोणताही संकोच न करता उचलावा, आणि त्या नायिकेच्या हातात आरशाऐवजी पुस्तक, घागर, फुटबॉल, जे तिला हवे ते द्यावे. एवढे घडले तरी या स्मरणिकेतील पाने वाया गेली नाहीत, असे आम्ही समजू.